अल्ट्रासोनिक अनेमोमीटर: वाऱ्याच्या नोंदी कशा घ्याव्यात आणि कशा वाचाव्यात

अल्ट्रासोनिक अनेमोमीटर, म्हणजे ध्वनीने वारा मोजणारे यंत्र, यात फिरणारे काहीच नसते. कप नाहीत, पाते नाही, बेअरिंग नाही. म्हणून मंद झुळूकही त्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि वारा पडल्यावर कप जसे थोडा वेळ गरगरत राहून वेग वाढवून दाखवतात तसे इथे होत नाही. मात्र तो सेकंदाला ४, १० किंवा २० ओळी पाठवतो (एक ओळ म्हणजे एक नोंद), आणि त्या ओळींचे काय करायचे हे आधी ठरवले नसेल तर वर्षभराच्या नोंदी हाती असूनही त्यांचा उपयोग होत नाही. सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे लॉगरमध्येच, म्हणजे ओळी साठवणाऱ्या छोट्या संगणकातच, १० मिनिटांची सरासरी काढून मूळ ओळी टाकून देणे. त्या सरासरीतून झोत (वाऱ्याचे क्षणिक जोर) परत मिळत नाहीत, संक्षोभ (वाऱ्याची खळबळ) मिळत नाही, आणि मध्येच आलेली चुकीची नोंदही शोधता येत नाही. लॉगरने फक्त लिहावे. गाळणे, दुरुस्त करणे, सरासरी काढणे ही सगळी कामे नंतर, वेगळ्या फाइलीत. पुढचे सारे या एका नियमावर उभे आहे.

यंत्र नेमके काय मोजते

समोरासमोर बसवलेल्या दोन ट्रान्सड्युसरांमधून (ध्वनी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या भागांमधून) श्राव्यातीत ध्वनीचा स्पंद आधी एका दिशेने आणि लगेच उलट दिशेने सोडला जातो. वाऱ्याबरोबर जाणारा स्पंद लवकर पोहोचतो, वाऱ्याविरुद्ध जाणारा उशिरा. या दोन वेळांवरून त्या रेषेतला वाऱ्याचा वेग मिळतो:

वेग = (अंतर ÷ २) × (१ ÷ जाण्याची वेळ − १ ÷ येण्याची वेळ)

वजाबाकीऐवजी बेरीज केली की त्याच सूत्रातून ध्वनीचा वेग मिळतो. म्हणजे वाऱ्याचा वेग काढायला हवेचे तापमान माहीत असण्याची गरजच उरत नाही; ते सूत्रातून आपोआप निघून जाते.

यात किती बारीक मोजणी आहे ते आकड्यांवरून कळते. ट्रान्सड्युसरांमधले अंतर १५ सेंटिमीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर आणि वारा सेकंदाला ५ मीटर धरला, तर दोन वेळा अनुक्रमे ४३१.० आणि ४४३.८ मायक्रोसेकंद येतात. फरक जेमतेम १२.८ मायक्रोसेकंद. वारा सेकंदाला ०.१ मीटर असेल तर हाच फरक पाव मायक्रोसेकंदावर येतो. ट्रान्सड्युसरच्या तोंडावर बसलेला पाण्याचा थेंब, कोळ्याचे जाळे, बर्फाचा पापुद्रा किंवा पक्ष्याची विष्ठा एवढा फरक सहज बिघडवू शकते. कपांचे यंत्र खराब होताना हळूहळू सुस्तावते. हे मात्र बिघडले की एकतर ओळ रिकामी देते किंवा एकदम अशक्य आकडा देते. सफाईची पद्धत या स्वभावाला धरूनच आखावी लागते.

ध्वनीच्या वेगावरून काढलेले तापमान, म्हणजे सोनिक तापमान, तुमच्या यंत्रातून मिळत असेल तर ते चालू ठेवा, वापरायचे नसले तरीही. ते थर्मामीटरच्या तापमानाशी हुबेहूब जुळत नाही, कारण बाष्पामुळे ध्वनीचा वेग वाढतो. किलोभर हवेत १५ ग्रॅम बाष्प असेल तर ३०० केल्विनच्या आसपास सोनिक तापमान सुमारे २.३ अंश जास्त दिसते. पण त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. यंत्राची भुजा वाकून अंतर अर्ध्या टक्क्याने बदलले, तर वाऱ्याच्या वेगात चूकही अर्ध्या टक्क्याचीच येते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. सोनिक तापमान मात्र ध्वनीवेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ते १ टक्क्याने, म्हणजे सुमारे ३ अंशांनी सरकते. शेजारच्या थर्मामीटरशी असलेला फरक एखाद्या दिवशी अचानक बदलून तसाच राहिला, तर भुजा तपासा.

खांबावर चढवण्याआधी टेबलावर

आधी शून्य वाऱ्याची चाचणी घ्या. यंत्र बंद खोलीत, पंखा आणि एसी बंद करून, आतून फोम लावलेल्या मोठ्या खोक्याने झाका. खोके ट्रान्सड्युसरांच्या अगदी जवळ आले तर भिंतीवरून ध्वनी परावर्तित होतो, म्हणून चारही बाजूंना मोकळी जागा सोडा. आतली हवा स्थिरावायला काही मिनिटे द्या आणि मग निदान १० मिनिटांच्या ओळी साठवा. प्रत्येक घटकाची (ठरलेल्या एकेका अक्षावरच्या वाऱ्याच्या वेगाची) सरासरी उत्पादकाने दिलेल्या शून्य-मर्यादेत बसली पाहिजे. हे पाहताना यंत्र वेग-दिशा न देता घटक देईल अशा पद्धतीवर ठेवा. वेग कधी ऋण नसतो, त्यामुळे वेगाची सरासरी नेहमीच शून्याच्या वर राहते आणि शून्य सरकले आहे की नाही ते कळत नाही.

मग पंख्याची चाचणी. यंत्रावरच्या उत्तर खुणेच्या बाजूने वारा सोडला की दिशा ० किंवा ३६० च्या आसपास यायला हवी. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव वळसा घेऊन पूर्वेकडून सोडला की ९०. हवामानशास्त्रात दिशा म्हणजे वारा ज्या बाजूने येतो ती बाजू. ९० च्या जागी २७० दिसले, तर बहुधा यंत्र उलटे टांगायच्या सेटिंगवर आहे. उलटे टांगले की पूर्व-पश्चिम अदलाबदल होते. घटकांची चिन्हे प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने ठरवतो. कुणी वारा जिकडे जातो ती बाजू धन मानतो, कुणी जिकडून येतो ती. कोणत्या बाजूने वारा सोडल्यावर कोणत्या घटकाला कोणते चिन्ह आले ते लिहून ठेवा. हा कागद विश्लेषणाच्या वेळी सर्वात जास्त उपयोगी पडतो.

जागा आणि उभारणी

जागतिक हवामान संघटनेचा मापदंड सपाट मोकळ्या जागेवर जमिनीपासून १० मीटर उंचीचा आहे, आणि सर्वात जवळचा अडथळा त्याच्या स्वतःच्या उंचीच्या निदान १० पट दूर असावा. ६ मीटर उंच झाड असेल तर ६० मीटर. अशी जागा नेहमी मिळत नाही. मग अडथळे कोणत्या दिशांना आहेत, किती उंच आणि किती दूर आहेत, याचा नकाशा काढून ठेवा. पुढे त्या दिशांच्या नोंदी वेगळ्या काढता येतात. इमारतीच्या गच्चीच्या कडेला यंत्र लावणे टाळा. भिंतीला आपटून वर चढणारा वारा तिथे वेग वाढवून दाखवतो.

यंत्र खांबाच्या टोकावर बसवणे सर्वात चांगले. बाजूला आडव्या दांडीवर लावावेच लागले, तर दांडीची लांबी खांबाच्या जाडीच्या निदान ६ ते ८ पट ठेवा आणि तिची दिशा अशी निवडा की मुख्य वारा खांब आणि यंत्र यांच्या रेषेला आडवा येईल. तरीही एका अरुंद पट्ट्यातला वारा खांबाच्या आडून येणारच. तो पट्टा कितीपासून किती अंशांपर्यंत आहे ते लिहून ठेवा.

उत्तर लावताना होकायंत्र लोखंडी खांबाजवळ धरू नका; ते चुकीची दिशा दाखवते. खांबापासून बरेच दूर जाऊन दिशा घ्या, किंवा त्याहून बरे म्हणजे नकाशावर ज्याची दिशा मोजता येते असे दूरचे ठिकाण निवडून यंत्राची उत्तर खूण त्याच्या संदर्भाने लावा. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवते. खऱ्या उत्तरेसाठी त्या ठिकाणचा चुंबकीय दिक्पात (चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेमधला कोन) मिळवावा लागतो: पूर्वेकडचा असेल तर अधिक, पश्चिमेकडचा असेल तर उणे. ही दुरुस्ती यंत्रात करायची की विश्लेषणात, हे एकदाच ठरवा. दोन्हीकडे झाली तर दुरुस्ती दुप्पट होते, आणि दोन माणसे एकाच प्रकल्पावर काम करत असली की हे हमखास घडते.

उभा वाराही मोजणाऱ्या त्रिमिती यंत्रासाठी सपाटी फार महत्त्वाची. यंत्र २ अंश जरी कलले असले, तरी सेकंदाला ५ मीटर आडव्या वाऱ्यातून ०.१७ मीटरचा खोटा उभा वारा दिसू लागतो, आणि खरा सरासरी उभा वारा बहुतेक वेळा त्याहून कितीतरी कमी असतो.

विजेपासून संरक्षण म्हणून यंत्रापेक्षा उंच टोक असलेला तडितरक्षक, जमिनीपर्यंत जाड अर्थिंग आणि केबल लॉगरच्या पेटीत शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर हवा. केबलची शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर जमिनीच्या पातळीतल्या फरकामुळे शील्डमधून प्रवाह वाहतो आणि ओळींमध्ये कचरा अक्षरे येतात. यंत्राकडे जाताना केबलला खाली झुकलेला फास द्या, म्हणजे पावसाचे पाणी कनेक्टरकडे ओघळणार नाही.

तारेवरून येणारी ओळ

आरएस-२३२ ही तारेवरून डेटा पाठवायची पद्धत साधारण १५ मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे आरएस-४२२ किंवा आरएस-४८५ घ्या. कमी बॉड रेटला (तारेवरून बिट जाण्याच्या वेगाला) ते १२०० मीटरपर्यंत चालते. लांब आरएस-४८५ तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक हवेत. ओळी अधूनमधून येतात आणि अधूनमधून विचित्र येतात, असे दिसले तर आधी ए आणि बी तारा उलट जोडल्या नाहीत ना, सामाईक ग्राउंड जोडला आहे ना आणि रोधक लावले आहेत ना, हे पाहा.

बॉड रेट आणि नोंदींची गती यांचा हिशेब आधीच मांडा. ९६०० बॉडला, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट या मांडणीत सेकंदाला ९६० अक्षरे जातात. फक्त आडवा वारा मोजणाऱ्या द्विमिती यंत्राची २४ अक्षरांची ओळ सेकंदाला ४ वेळा आली तर ९६ अक्षरे, काहीच अडचण नाही. पण त्रिमिती यंत्राची ४५ अक्षरांची ओळ २० वेळा म्हणजे ९००. तार जवळजवळ भरली, आणि ओळ थोडी लांबली की नोंदी गळायला लागतात. तिथे ३८४०० बॉड लावा.

द्विमिती यंत्रांच्या एका प्रचलित मांडणीतली ओळ अशी असते. मूळ ओळ अर्थात रोमन अक्षरांत येते:

क्यू,२४१,००३.१८,एम,००,१३

पहिले अक्षर यंत्राचे नाव. मग दिशा २४१ अंश, वेग ३.१८, एकक मीटर प्रति सेकंद, स्थिती ०० म्हणजे ठीक, आणि शेवटी तपासबेरीज. ही तपासबेरीज म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या नियंत्रण-अक्षरांमधल्या सगळ्या अक्षरांचा क्रमाने केलेला एक्सऑर (बिटनिहाय तुलना), सोळा-आधारी आकड्यात. शेवटच्या स्थिती-आकड्यानंतरचा स्वल्पविरामही त्यात धरायचा. तो सुटला की एकही ओळ जुळत नाही. एनएमईए या जहाजांच्या उपकरणांच्या प्रमाण मांडणीतल्या वाऱ्याच्या एमडब्ल्यूव्ही ओळीत डॉलरचे चिन्ह आणि तारांकन यांच्यामधली अक्षरे धरतात, ती दोन चिन्हे वगळून. त्या मांडणीत वेगाचे एकक वेगळ्या रकान्यात येते आणि ते नॉट, ताशी किलोमीटर किंवा मीटर प्रति सेकंद यांपैकी काहीही असू शकते. एकक गृहीत धरू नका, प्रत्येक ओळीतून वाचा. फर्मवेअर बदलताना किंवा यंत्र बदलताना एकक बदलते आणि मग वर्षाच्या मध्यात वारा एकाएकी दुप्पट झालेला दिसतो.

वारा जवळजवळ थांबला की काही यंत्रे दिशेचा रकाना रिकामा सोडतात, कारण तेव्हा दिशेला अर्थच नसतो. वाचणाऱ्या प्रोग्रामने रिकाम्या जागी ० भरले, तर शांत रात्रींचा सगळा गठ्ठा उत्तरेच्या वाऱ्यात जमा होतो. पवन-आलेखात (कोणत्या दिशेने किती वारा आला ते दाखवणाऱ्या चक्राकार आलेखात) उत्तरेला एकच सुळका दिसला की प्रथम हेच तपासा.

लॉगर

काम हलके आहे. रास्पबेरी पाय किंवा तत्सम छोटा संगणक आणि पायथॉनमधला, सीरियल पोर्ट वाचणारा पायसीरियल पुरतो. प्रोग्रामचा क्रम असा ठेवा. पोर्ट उघडा, १ ते २ सेकंदांची कालमर्यादा लावा, ओळ येताच तिच्यापुढे वेळ लिहा आणि मूळ ओळ जशीच्या तशी फाइलीत टाका. तपासबेरीज चुकली असली तरी ओळ टाकून देऊ नका. चुकीच्या ओळी कोणत्या वेळी वाढतात हे पाहिले की तार सैल झाली आहे की जवळचा पंप चालू झाल्यावर व्यत्यय येतो, ते कळते. कालमर्यादेत ओळ आली नाही तर तशी नोंद करा, म्हणजे "यंत्र गप्प होते" आणि "लॉगर बंद होता" या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतील.

वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आणि मिलिसेकंदांपर्यंत लिहा. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसले, तर बोर्ड शेवटची साठवलेली वेळ धरून पुढे चालू लागतो आणि नोंदी मागच्या वेळेवर पडतात. डीएस३२३१ जातीचे घड्याळ जोडा. त्याची अचूकता सामान्य तापमानाला दशलक्षात २ भाग, म्हणजे वर्षाला सुमारे १ मिनिटाचा फरक. याहून नेमकी वेळ हवी असेल तर जीपीएस. यूएसबी-सीरियल अडॅप्टर अक्षरे गोळा करून गठ्ठ्याने देतात. प्रचलित एफटीडीआय चिपमध्ये हा विलंब मुळात १६ मिलिसेकंद असतो. ४ हर्ट्झला त्याने काही बिघडत नाही. २० हर्ट्झला, जिथे दोन ओळींमध्ये ५० मिलिसेकंदच असतात, तो कमी करून घ्यावा. दोन अडॅप्टर असतील तर पोर्टची नावे रीस्टार्टनंतर अदलाबदल होऊ शकतात. लिनक्समधला यूडेव्ह नियम लिहून प्रत्येक अडॅप्टरला त्याच्या अनुक्रमांकावरून कायमचे नाव द्या.

४ हर्ट्झला दिवसाला ३,४५,६०० ओळी होतात. वेळेसकट ओळ ५० अक्षरांची धरली तर सुमारे १७ मेगाबाइट. आजच्या कार्डांना हे काहीच नाही, त्यामुळे जागा वाचवण्यासाठी गती कमी करायचे कारण उरत नाही. तासाला एक फाइल ठेवा, नावात यूटीसी तारीख आणि तास घाला. डेटा डिस्कवर मिनिटातून एकदा ढकला. प्रत्येक ओळीला ढकलले तर कार्ड लवकर झिजते, आणि ढकललेच नाही तर वीज गेल्यावर बराच डेटा हरवतो. पूर्ण झालेली फाइल कॉम्प्रेस करून दुसऱ्या जागी पाठवा आणि केवळ-वाचन करून ठेवा.

सफाई: खोडू नका, खूण करा

मूळ फाइलीला हात न लावता प्रत्येक ओळीपुढे गुणवत्तेचा एक रकाना वाढवा. ० म्हणजे ठीक, १ तपासबेरीज चूक, २ यंत्राने स्वतः दिलेला दोष, ३ मर्यादेबाहेर, ४ उसळी (एकदम उडालेला खोटा आकडा), ५ अडकलेला आकडा, ६ खांबाच्या आडची दिशा. कारणे वेगळी ठेवली की महिनाअखेर त्यांची संख्या पाहूनच यंत्राची तब्येत कळते. पावसात २ आणि ४ वाढणे स्वाभाविक आहे. कोरड्या दिवशी वाढले तर खांबावर चढून पाहण्याची वेळ आली.

उसळ्या ओळखण्यासाठी सरासरी आणि प्रमाण विचलन वापरण्याची प्रथा आहे. व्हिकर्स आणि मार्ट यांच्या १९९७ च्या पद्धतीत ५ मिनिटांची खिडकी सरकवत ३.५ प्रमाण विचलनांच्या पलीकडचे बिंदू उसळी धरतात. मात्र सलग ४ किंवा अधिक बिंदू पलीकडे असतील तर ते खरे मानून सोडून देतात. हा शेवटचा भाग गाळू नका. खरा झोत चढतो आणि उतरतो, त्याला काही नोंदी लागतात. थेंबामुळे आलेली उसळी एक-दोन नोंदींतच संपते. ही पद्धत १० किंवा २० हर्ट्झच्या नोंदींसाठी आहे. ४ हर्ट्झला ४ बिंदू म्हणजे पूर्ण १ सेकंद होतो, तेव्हा मर्यादा जपून लावा, आणि १ हर्ट्झच्या नोंदींवर तर ती जवळजवळ लावूच नका. खूप उसळ्या असतील तर त्या स्वतःच प्रमाण विचलन फुगवतात आणि लपून जातात. तेव्हा मध्यक घ्या, मध्यकापासूनच्या निरपेक्ष अंतरांचा मध्यक काढा, त्याला १.४८२६ ने गुणा आणि प्रमाण विचलनाऐवजी तो वापरा. उसळी दिशेवर शोधू नका. दिशा ३५९ वरून १ वर जाते तेव्हा प्रोग्रामला ती ३५८ अंशांची उडी वाटते. घटक काढा आणि घटकांवर शोधा.

१० मिनिटांच्या खंडात निदान ९० टक्के ओळी ठीक असतील तरच त्याची सरासरी ग्राह्य धरा. आणि खंडावरची वेळ त्याच्या सुरुवातीची आहे की शेवटची, हे फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहा. दोन केंद्रांच्या नोंदी ताडताना १० मिनिटांचा सरळ सरक दिसला तर कारण बहुधा हेच असते.

सरासरी, आणि दिशेचा फास

३५० आणि १० अंशांची साधी सरासरी १८० येते: उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो. म्हणून प्रत्येक नोंदीचे घटक करा:

पूर्वघटक = −वेग × साइन(दिशा)
उत्तरघटक = −वेग × कोसाइन(दिशा)

दोन्हींच्या वेगवेगळ्या सरासऱ्या घ्या आणि परत दिशा काढा:

दिशा = एटॅन२(−पूर्वघटक, −उत्तरघटक), ऋण आल्यास ३६० मिळवा

इथे एक सापळा आहे. हा क्रम पायथॉनचा. एक्सेलच्या याच नावाच्या सूत्रात दोन्ही आकडे उलट क्रमाने द्यावे लागतात. क्रम चुकला तर उत्तर तरीही ० ते ३६० मध्ये व्यवस्थित बसते आणि चूक डोळ्याला दिसत नाही. ताडून पाहायला पूर्वेचा वारा घाला. उत्तर ९० आले पाहिजे. दुसरे, साइन आणि कोसाइनला अंश नव्हे, रेडियन लागतात.

वेगाची सरासरी दोन प्रकारची: सगळ्या वेगांची सरळ सरासरी, आणि सरासरी घटकांवरून काढलेली सदिश सरासरी. पवनऊर्जेला आणि सामान्य हवामान-नोंदीला पहिली लागते, धूर किंवा धूळ कुठे वाहत जाईल याला दुसरी. दोन्ही ठेवा. दुसरीला पहिलीने भागले की वाऱ्याची स्थिरता मिळते: १ च्या जवळ म्हणजे एकाच दिशेचा वारा, ० च्या जवळ म्हणजे भरकटणारा.

दिशेचे प्रमाण विचलन काढायला यामार्टिनो यांचे १९८४ चे सूत्र सोपे आणि पुरेसे आहे. वेग न धरता फक्त दिशांच्या साइनची आणि कोसाइनची सरासरी घ्या, दोन्हींच्या वर्गांची बेरीज १ मधून वजा करून वर्गमूळ काढा. हा आकडा इ मानला, तर विचलन = आर्कसाइन(इ) × (१ + ०.१५४७ × इ चा घन). एका फेरीत होते, सगळ्या नोंदी स्मृतीत धरून ठेवाव्या लागत नाहीत.

झोत आणि संक्षोभ

झोत म्हणजे एका नोंदीतला कमाल आकडा नव्हे. प्रमाण व्याख्या ३ सेकंदांच्या सरकत्या सरासरीच्या कमालीची आहे, आणि त्यासाठी शिफारस सेकंदाला ४ नोंदींची. ४ हर्ट्झला १२ नोंदींची खिडकी एकेका नोंदीने सरकवा. ३-३ सेकंदांचे सुटे खंड पाडले तर झोत दोन खंडांत वाटला जातो आणि कमी दिसतो. उसळ्यांची सफाई आधी, झोत नंतर. एकच खोटी ४० मीटरची नोंद १२ च्या सरासरीत ३ मीटरची भर घालते.

संक्षोभाची तीव्रता म्हणजे १० मिनिटांतल्या वेगाचे प्रमाण विचलन भागिले त्याच १० मिनिटांची सरासरी. मंद वाऱ्यात भाजक लहान असल्याने हा आकडा निरर्थकपणे फुगतो, म्हणून सेकंदाला ३-४ मीटरच्या खालचे खंड वेगळे ठेवा. दिशेनुसार मांडला की अडथळे स्वतःच दिसू लागतात: ज्या दिशेला झाड किंवा इमारत आहे तिथे तीव्रता उंचावते. आधी काढलेला अडथळ्यांचा नकाशा शेजारी ठेवा. नकाशावर काही नसलेल्या दिशेला टेकाड दिसले, तर तो पट्टा खांबाच्या सावलीचा आहे किंवा उत्तर चुकीची लागली आहे.

पवन-आलेख आणि ऊर्जा

१६ दिशांच्या आलेखात प्रत्येक कप्पा २२.५ अंशांचा, आणि उत्तरेचा कप्पा ३४८.७५ पासून ११.२५ पर्यंत. ० पासून कप्पे पाडायला सुरुवात केली की अख्खा आलेख ११.२५ अंशांनी वळतो. यंत्र दिशा पूर्ण अंशांत देत असेल तर काही कप्प्यांत २३ अंश पडतात, काहींत २२, आणि त्यातून ४ टक्क्यांपर्यंतचा खोटा चढउतार येतो. १०-१० अंशांचे ३६ कप्पे घेतले की हा दोष राहत नाही. शांत वारा, समजा सेकंदाला ०.५ मीटरखालचा, कोणत्याही दिशेत न घालता मध्यभागी टक्क्यांत लिहा.

ऊर्जेसाठी वेगाच्या सरासरीचा घन घेऊ नका, घनांची सरासरी घ्या. अर्धा वेळ ४ आणि अर्धा वेळ ८ मीटरचा वारा असेल तर सरासरी ६, तिचा घन २१६. पण घनांची सरासरी २८८. पाव हिस्सा ऊर्जा नुसत्या हिशेबात हरवते. वाइबुल वितरण (कोणता वेग किती वेळा येतो ते मांडणारे सूत्र) बसवायचे असेल तर आकार-गुणक = (प्रमाण विचलन ÷ सरासरी) चा −१.०८६ वा घात, हा सुरुवातीचा चांगला अंदाज आहे. हवेची घनता नेहमीच घनमीटरला १.२२५ किलो नसते. तो आकडा समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सियसचा आहे. दाब पास्कलमध्ये घेऊन २८७ आणि केल्विन तापमान यांच्या गुणाकाराने भागा.

त्रिमिती यंत्र असेल तर

प्रत्येक ३० मिनिटांच्या खंडात अक्ष आधी असे फिरवा की सरासरी आडवा-बाजूचा घटक शून्य होईल, मग असे की सरासरी उभा घटक शून्य होईल. उतारावर किंवा लांब मोहिमेत अनेक आठवड्यांच्या नोंदींवर एकच प्रतल बसवणे जास्त विश्वासार्ह. त्यानंतर पुढचा आणि उभा घटक यांच्या विचलनांच्या गुणाकाराची सरासरी संवेग-वहन देते, आणि उभा घटक व सोनिक तापमान यांची तीच क्रिया उष्णता-वहन, बाष्पाच्या दुरुस्तीसह.

सगळ्यात उपयोगी तपासणी वर्णपटाची, म्हणजे वेगातले चढउतार कोणत्या वारंवारतेला किती आहेत याच्या आलेखाची. वेगाचा वर्णपट काढून त्याला वारंवारतेने गुणा आणि दोन्ही अक्ष लॉगमध्ये मांडा. उच्च वारंवारतेच्या बाजूला उतार −२/३ च्या जवळ असायला हवा. शेवटी रेषा वर वळून +१ उताराने चढू लागली तर ती यंत्राची गोंगाट-पातळी आहे. आणि −२/३ पेक्षा फार लवकर कोसळली तर यंत्र आतल्या आत सरासरी काढत आहे. सेटिंगमध्ये सरासरीचा कालावधी शोधून शून्य करा. द्विमिती यंत्रांवरही हे जरूर करून पाहा. २० हर्ट्झने ओळी येतात म्हणून २० हर्ट्झची माहिती येते असे नाही, हे या एका आलेखात उघडे पडते.

नोंदवही

डेटाशेजारी साध्या मजकुराची एक फाइल ठेवा. यंत्राचा अनुक्रमांक, फर्मवेअर, उंची, अक्षांश-रेखांश, उत्तर खरी की चुंबकीय आणि दिक्पात किती, चिन्हांची पद्धत, नोंदींची गती, आतली सरासरी, अडथळ्यांचा नकाशा, खांबाच्या सावलीचा पट्टा. यंत्र साफ केले, सैल झालेला क्लॅम्प आवळला, केबल बदलली, जवळचे झाड तोडले: प्रत्येक गोष्ट यूटीसी वेळेसह. वर्षातून एकदा यंत्र उतरवून शून्य वाऱ्याची चाचणी पुन्हा घ्या आणि पहिल्या दिवशीच्या आकड्यांशी ताडा. उतरवण्याआधी उत्तर खुणेसमोर खांबावर रंगाची रेघ मारा. नाहीतर परत चढवताना दिशा काही अंशांनी सरकते आणि त्या दिवसानंतरचा पवन-आलेख आधीच्याशी जुळत नाही.